पार्श्वभूमी : पुण्याचा घोडा परदेशी धावायला का अडतो

मोसमाच्या तोंडावर मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या एखाद्या ट्रेनरला गाठा, तो बहुधा दोन याद्या सांगेल. एक घरची: डर्बीला कोण, इन्व्हिटेशन कपला कोण, फिलीजमध्ये, म्हणजे तरुण घोड्यांत, कुणाची हवा आहे. दुसरी बाहेरची, आणि ती सांगताना आवाज जरा खाली येतो: 'जमलं तर दुबई.' पहिली यादी पहाटेच्या सरावात स्टॉपवॉचवर ठरते. दुसरीचा निकाल बहुतेक वेळा प्रयोगशाळेत लागतो.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. मुंबईच्या शर्यती आधी भायखळ्याला होत, महालक्ष्मीचा ट्रॅक 1883 चा आणि इंडियन डर्बी 1943 पासूनची. परदेशातल्या यशाचा विषय निघाला की जुनी मंडळी बडोद्याच्या गायकवाडांकडे वळतात. महाराजांनी 28,000 गिनींना, म्हणजे त्या काळच्या विक्रमी किमतीला, एक शिंगरू घेतले. नाव सयाजीराव. त्याने 1947 मध्ये आयरिश डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर जिंकली. पुढच्याच वर्षी त्यांच्या माय बाबू या घोड्याने इंग्लंडची 2000 गिनीज ही शर्यत मारली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, पण हे घोडे तिथलेच, तबेला इंग्लंडमधल्या न्यूमार्केटचा, ट्रेनरही तिथलाच. इथला घोडा जहाजात चढून तिथे जिंकला, असे त्यात काही नाही.

इथला घोडा बाहेर न्यायचे म्हटल्यावर खरी अडचण 1960 च्या सुमारास सुरू झाली. आफ्रिकन हॉर्स सिकनेसची साथ मध्यपूर्वेतून भारतात आली. 1959 ते 1961 या काळात या सगळ्या टापूत मिळून सुमारे 3 लाख घोडे, गाढवे, खेचरे दगावली. हा रोग नंतर इथून गेला आणि भारत त्यापासून मुक्त असल्याचा अधिकृत शिक्का 2014 मध्ये मिळाला. मधल्या पन्नासेक वर्षांत अधूनमधून कुणी बाहेर पडला, 2000 नंतरच्या दशकात मिस्टिकल या इथल्या घोड्याने दुबईत शर्यतीही जिंकल्या. पण असे घोडे बोटांवर मोजण्याइतके.

शिवाय एक रोग गेला तरी बाकीचे होतेच. 2006 मध्ये ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाने डोके वर काढले ते आपल्याच दारात, पुणे-पाचगणी भागातल्या घोड्या-खेचरांत. या रोगासाठी इंग्रजांनी 1899 मध्येच स्वतंत्र कायदा केला होता, आणि आजही बाधित ठरलेले जनावर मारावेच लागते. चाचणी बघायला साधी: खालच्या पापणीत मॅलिनची (या रोगाच्या जंतूंपासून केलेल्या द्रव्याची) सुई, मग दोन दिवस त्या डोळ्याकडे लक्ष. पापणी सुजली, डोळ्यातून घाण यायला लागली, की तबेल्यात कुणी बोलत नाही. पाठोपाठ 2008 मध्ये घोड्यांचा इन्फ्लुएंझा आला.

ट्रेनरला त्याहून जास्त छळतो तो पायरोप्लाझ्मोसिस. गोचिडांतून पसरणारा, इथे मुरलेला रोग. लहानपणी होऊन गेला तरी रक्तात खुणा राहतात. घोडा चकाकतोय, दाणा संपवतोय, ओळीने तीन शर्यती मारल्यात, आणि कागदावर 'पॉझिटिव्ह'. ज्या देशाला असा घोडा नको, त्याच्यापुढे इलाज नाही. गोमाश्यांसारख्या चावऱ्या माश्यांमुळे होणारा सर्रा त्याच पठडीतला.

रोगमुक्त जागा कुठे असावी, हा वादाचा खरा मुद्दा 2025 चा. त्या जुलैत मेरठ छावणीतल्या लष्कराच्या पशुवैद्यकीय केंद्राला अश्वरोगमुक्त कप्पा म्हणून जागतिक मान्यता मिळाली. ग्लँडर्स, इन्फ्लुएंझा, पायरोप्लाझ्मोसिस, सर्रा आणि इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया (घोड्यांचा सांसर्गिक रक्तक्षय), या पाचांपासून तो कप्पा मुक्त मानला जातो. देश नाही, राज्य नाही, फक्त कुंपणाच्या आतली जागा. कारण समजण्यासारखे आहे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचे, सांघिक सुवर्ण मिळाले, अश्वारोहणातले 41 वर्षांनंतरचे पहिले, आणि तेही युरोपात ठेवलेल्या घोड्यांवर. हा कप्पा मुख्यतः अशा क्रीडास्पर्धांच्या घोड्यांसाठी आहे.

शर्यतीच्या घोड्याचे काय? देशातले बहुतेक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, आहेत मुंबई, पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, कोलकात्यात. सर्वात जुन्या केंद्रांपैकी एक सोडून कप्पा मेरठला, याचे इथल्या ट्रेनर मंडळींना वाईट वाटले तर नवल नाही, आणि मला ते पटते. पण दुसरी बाजू झटकता येत नाही. कप्पा म्हणजे आत कोण आले, कोण गेले याची रोजची नोंद, वेगळा चारा, वेगळे सईस. महालक्ष्मीला रोज सकाळी लोक फिरायला येतात, पुण्याच्या रेसकोर्सवरही. 2024 मध्ये तर महालक्ष्मीची 120 एकर जागा उद्यानासाठी काढायचे ठरले. त्यातून पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई, म्हणजे घोडे दरवर्षी ट्रकने घाट चढणार-उतरणार. असा तबेला बंदिस्त दाखवायचा कसा? माझ्या मते उत्तर रेसकोर्सवर नाही, पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर आहे. तिथे घोडा जन्मतो, तिथेच कुंपण घालणे सोपे, आणि रक्त स्वच्छ ठेवायचे तर शिंगरू असल्यापासूनच ठेवावे लागते.

तेवढ्यात बाहेरचे जग आकसत चालले. जवळचा मकाऊचा ट्रॅक 2024 च्या मार्चअखेर बंद झाला, सिंगापूरची शेवटची शर्यत त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला झाली. उरली ती दुबई, आणि तिचा मोठा हंगाम नेमका महालक्ष्मीच्या ऐन भरात. डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. आपली डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची, इंग्लंडच्या एप्समची तीन वर्षांच्या. म्हणजे इथला विजेता बाहेर निघेपर्यंत तिकडच्या डर्ब्यांचे वय उलटून गेलेले, त्याला थेट मोठ्या घोड्यांत उतरावे लागते.

घोड्यांच्या विक्रीसाठी वापरतात त्या आंतरराष्ट्रीय कॅटलॉगच्या नियमांत भारताच्या शर्यती दुसऱ्या भागात मोडतात. त्यामुळे इथली ग्रेड 1 तिथे ग्रुप 1 च्या तोलाची धरत नाहीत आणि घोडीच्या वंशावळीत त्या विजयाला ग्रुप 1 चा मान मिळत नाही. मालकाला तो लागतो, कारण घोडीची किंमत त्यावर ठरते. इथे मात्र पैशाच्या प्रत्येक डावावर जीएसटी, तो सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. डाव कमी झाले की बक्षिसांचा गल्लाही घटतो, आणि ट्रेनरच्या वाट्याला येते ते त्या बक्षिसातूनच. म्हणून चांगला घोडा हाती असला तरी बहुतेक जण आधी डर्बीचा अर्ज भरतात.