नाडेप कंपोस्ट

विटांच्या जाळीदार टाक्यात काडीकचरा, थोडेसे शेण आणि भरपूर कोरडी माती थरांनी भरून सेंद्रिय खत तयार करण्याची पद्धत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे गांधीवादी शेतकरी नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती नाडेप झाली आणि त्यांनाही लोक ‘नाडेप काका’ म्हणू लागले. पद्धत शेतीसाठी निघाली, पण आज शाळांची आवारे, बंगल्यांच्या बागा, सार्वजनिक उद्याने आणि मोठ्या गृहसंकुलांची हिरवळ अशा ठिकाणीही ती चालते. कारण पालापाचोळा आणि कापलेले गवत तिथे रोज पडते आणि शेण मात्र विकत आणावे लागते.

पूर्वपीठिका. गावाकडचा उकिरडा म्हणजे खताचा कारखाना असे आपण समजतो, प्रत्यक्षात तो बराचसा गळका असतो. उन्हाने वरचा थर करपतो, पावसाने अन्नद्रव्ये वाहून जातात, नत्राचा (नायट्रोजनचा) मोठा भाग अमोनिया होऊन उडतो आणि अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, वाढते. यावर पहिला पद्धतशीर उपाय इंदूरला निघाला. तिथल्या वनस्पती उद्योग संस्थेत 1924 ते 1931 या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी खड्डा भरून तीन वेळा उलथापालथ करायची आणि तीन महिन्यांत खत काढायचे, अशी ‘इंदूर पद्धत’ मांडली. खत उत्तम होई, पण ओला ढीग वरखाली करायला मजूर लागत. पुढे सी. एन. आचार्य यांची ‘बंगळूर पद्धत’ आली. तिच्यात खड्डा मातीने लिंपून टाकला की काम संपते, मात्र हवेवाचून कुजणे रेंगाळते आणि खताला सहा ते आठ महिने लागतात. नाडेपने दोन्हींतले सोयीचे तेवढे उचलले: ढीग हलवायचा नाही, हवा मात्र भिंतीतून खेळती ठेवायची.

टाके. जमिनीवरच बांधायचे. आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. भिंत 9 इंच जाडीची. विटा मातीच्या गाऱ्यात बसवल्या तरी चालतात, फक्त शेवटचा थर सिमेंटात घेतात, म्हणजे काठ ढासळत नाहीत. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या थरात दोन विटांनंतर एक झरोका सोडतात. खालच्या आणि वरच्या ओळींतले झरोके एकमेकांसमोर येऊ देत नाहीत. तळ विटांनी किंवा धुमसाने ठोकून पक्का करतात. भरण्यापूर्वी आतल्या भिंतींवर शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण) शिंपडतात. जागा पाणी न साचणारी हवी, झाडाची सावली असेल तर फारच चांगले.

भरणी. एका टाक्याला 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा, 90 ते 100 किलो शेण, सुमारे 1,750 किलो कोरडी चाळलेली माती आणि 1,500 ते 2,000 लिटर पाणी लागते. आधी 6 इंच कचऱ्याचा थर (साधारण 100 किलो), त्यावर सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवलेले 4 किलो शेण, त्यावर 50 ते 60 किलो माती आणि पुन्हा पाण्याचा शिडकावा. असे दहाबारा थर चढतात. टाके काठोकाठ भरले तरी थांबायचे नाही. काठाच्या वर दीड फूट, झोपडीच्या छपरासारखा उतार देत रचायचे आणि मग 3 इंच मातीने झाकून शेणकाल्याने लिंपायचे. हे सगळे एका दिवसात, फार तर दोन दिवसांत उरकावे लागते. रोज एक टोपली टाकत महिनाभर भरलेले टाके म्हणजे नाडेप नव्हे, विटांतला उकिरडा. गृहसंकुलांत ही पद्धत फसते ती बहुधा इथेच. कचरा आधी बाजूला कोरडा साठवून ठेवायचा आणि पुरेसा झाला की एकदम भरायचा, हे माळ्याला कुणी सांगितलेलेच नसते.

पंधरावीस दिवसांत ढीग काठाच्या खाली आठनऊ इंच बसतो. तेव्हा त्याच क्रमाने पुन्हा भरून दुसऱ्यांदा लिंपतात. त्यानंतर काम एकच, ओल राखणे. लिंपणाला भेगा पडल्या तर शेणकाल्याने बुजवायच्या आणि झरोक्यांतून पाणी शिंपडायचे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याकडे दुर्लक्ष झाले तर कचरा कुजत नाही, नुसता वाळतो. कोकणात उलटी अडचण, तिथे वर छप्पर घालावेच लागते. अडीच-तीन महिन्यांनी पहारीने भोके पाडून त्यांतून ॲझोटोबॅक्टर (हवेतले नत्र धरणारे जिवाणू) व स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक सोडण्याचीही प्रथा आहे. एकूण 90 ते 120 दिवसांत खत होते.

हिशोब. नाडेपची ख्याती एका आकड्यावर उभी आहे: एका गाईच्या वर्षभराच्या शेणात 80 ते 100 टन खत. गणित बसते. एका टाक्याला 100 किलो शेण आणि त्यातून निघणार सुमारे 3 टन खत. गाईने दिवसाला 10 किलो शेण दिले तर वर्षाला 36 टाकी भरतात. पण त्या 3 टनांतली पावणेदोन टन माती आपणच घातलेली असते, हे प्रचारपत्रके सांगत नाहीत. म्हणून टनावारी करून शेणखताशी तुलना करणे बरोबर नाही. तरीही ती माती फुकट जात नाही. ती उडून जाणारा अमोनिया धरते, ओल टिकवते आणि कुजवणारे जिवाणू सोबत घेऊन येते. तयार खतात नत्र 0.5 ते 1.5 टक्के, स्फुरद 0.5 ते 0.9 टक्के आणि पालाश (पोटॅश) 1.2 ते 1.4 टक्के असल्याचे सांगतात. भरलेला कचरा आणि माती कशी होती त्यावर ते ठरते. खरी बचत शेणाची आहे, आणि बागेत नेमके तेच दुर्मीळ असते.

बागेतील वापर. तयार खत काळपट तपकिरी, भुसभुशीत असते. त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. शेणाचा किंवा आंबूस वास आला, मूठभर खतात काड्या ओळखू आल्या, तर ते अजून कच्चे आहे. कच्चे खत कुंडीत घातले की ते कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि पाने पिवळी पडतात. माळी मग युरिया मागवतो.

हिरवळीसाठी खत चाळूनच घ्यावे. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला गवत आखूड कापायचे, पायाखाली दडपलेली जमीन काट्याने टोचून मोकळी करायची आणि खताचा अर्धा सेंटिमीटरहून कमी जाडीचा थर झाडूने पसरायचा. पाती वर डोकावत राहिली पाहिजेत. जाड थराखाली हरळीसुद्धा गुदमरते. काळ्या चिकण जमिनीत अशा खताने पाण्याचा निचरा सुधारतो, कोकणातल्या जांभ्या जमिनीत पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते. कुंड्यांत एकूण मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खत चालते. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता यांना वर्षातून दोनदा खोडापासून वीतभर लांब आळ्यात घालून वर पाचोळ्याचे आच्छादन करतात.

मर्यादा. ढीग हलवत नसल्यामुळे मधला भाग चांगला तापतो, पण भिंतीलगतचा तापत नाही. त्यामुळे कडेच्या तणांचे बी जिवंत राहू शकते. गाजरगवत फुलोऱ्यावर येण्याआधीच उपटून टाक्यात घालावे, लव्हाळ्याच्या गाठी तर घालूच नयेत. तणनाशक मारलेल्या हिरवळीचे कापलेले गवतही वर्ज्य. पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या), तुराट्या (तुरीच्या काड्या), नारळाच्या झावळ्या तुकडे केल्याशिवाय वेळेत कुजत नाहीत. विटांचा खर्च टाळायला बांबूच्या तट्ट्यांचे टाके किंवा जमिनीवर नुसताच रचून लिंपलेला ‘भू-नाडेप’ करतात. खत त्यातही होते, मात्र तट्टे दोनतीन भरण्यांत वाळवी खाते. घराच्या गॅलरीत ही पद्धत उपयोगाची नाही. टाके लहान केले की आतली ऊब टिकत नाही, तिथे गांडूळखत किंवा साधा माठ बरा.