अर्ज मंजूर, पण पैसे आले नाहीत? बँक खातं डीबीटीला कसं जोडायचं, पूर्ण माहिती

सरकारी योजनेचा अर्ज मंजूर झालाय, यादीत नाव आहे, शेजारणीच्या खात्यात हप्ता पडला आणि आपल्या पासबुकात काहीच नाही, असं झालं की लोक आधी सेतूत जातात, मग तलाठ्याकडे, मग अंगणवाडी ताईंकडे. आणि खूप वेळा काम अडलेलं असतं बँकेत. बँकेत विचारलं की सांगतात "तुमचं आधार लिंक आहे", माणूस परत घरी येतो, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. म्हणून हे नीट समजून घ्या, एकदा कळलं की तुमचं आणि घरातल्या सगळ्यांचं काम तुम्हीच करू शकाल.

खात्याला आधार लिंक असणं आणि खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीड असणं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. खातं उघडताना किंवा केवायसी करताना आपण आधारची झेरॉक्स देतो, बँक तो नंबर खात्याला लावते, ते झालं लिंक. असं एकच आधार तुम्ही चार बँकांत दिलं तरी चारही ठिकाणी लिंक होतं. पण लाडकी बहीणचे १५०० रुपये, पीएम किसानचे २००० रुपये, महाडीबीटीची स्कॉलरशिप, गॅसची सबसिडी, हे बहुतेक पैसे आता खाते नंबर बघून येत नाहीत, आधार नंबर बघून येतात. त्यासाठी एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी संस्था, तिच्याकडे एक मॅपर असतो, म्हणजे नोंदवही म्हणा, त्यात प्रत्येक आधार नंबरासमोर फक्त एकाच बँकेचं नाव असतं. सरकारने पैसे सोडले की ते त्या नावाच्या बँकेत जातात आणि ती बँक आपल्याकडच्या जोडलेल्या खात्यात टाकते. त्या नोंदवहीत तुमच्या आधारसमोर बँक लागली म्हणजे सीडिंग झालं.

यातून दोन घोटाळे होतात. एक म्हणजे नोंदवहीत तुमच्यासमोर काहीच नाही, मग पैसे परत जातात. दुसरं म्हणजे तिथे भलतीच बँक आहे. ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालं तीच चालू राहते, त्यामुळे कधीतरी कुणी कॅम्पात उघडून दिलेलं खातं, कॉलेजात असताना काढलेलं, सिमकार्ड घेताना मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत उघडलं गेलेलं खातं, यात पैसे जमा होत राहतात आणि आपल्याला पत्ता नसतो. २०१७ मध्ये हे फार मोठ्या प्रमाणात उघड झालं होतं, लोकांची गॅस सबसिडी त्यांना माहीतच नसलेल्या एअरटेल पेमेंट्स बँकेच्या खात्यांत जात होती, आणि त्या डिसेंबरात युआयडीएआयने, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेने, कंपनीची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ग्राहकाची ओळख पटवायची सोय, बंद केली होती. तेव्हापासून ग्राहकाच्या संमतीशिवाय मॅपिंग बदलायचं नाही हा नियम कडक झाला. तरी जुनी मॅपिंग अजून सापडतात, त्यामुळे पैसे "आले नाहीत" असं ठरवायच्या आधी ते दुसरीकडे गेलेत का ते बघा. गेले असतील तर ते तुमचेच आहेत, त्या बँकेत आधार घेऊन जा आणि काढून घ्या.

आधी स्टेटस बघा, मग बँकेत जा

मोबाईलवर माय आधारची साइट उघडा, आधार नंबर आणि ओटीपीने लॉगिन करा, आत "बँक सीडिंग स्टेटस" असा पर्याय आहे. तिथे बँकेचं नाव, अॅक्टिव्ह की इनअॅक्टिव्ह आणि शेवटचं अपडेट कधी झालं ती तारीख दिसते. खाते नंबर दिसत नाही, फक्त बँक. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, बँकेत वाद घालायची वेळ आली तर हाच दाखवायचा. हे बघायला एक पैसा लागत नाही, त्यामुळे सेतूत शंभर-दोनशे देऊन हे करून घेऊ नका.

ओटीपी येत नसेल म्हणजे आधारला जुना मोबाईल नंबर आहे किंवा नंबरच नाही. मग आधी ते काम. मोबाईल नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो, बोटांचे ठसे देऊन होतं, ऑक्टोबर २०२५ पासून फी ७५ रुपये आहे. गावात केंद्र नसेल तर पोस्टात विचारा, बऱ्याच ठिकाणी पोस्टमनच हे काम करून देतात.

आता बँकेत काय करायचं. सरळ काउंटरवर सांगा की "आधार सीडिंग करायचंय, डीबीटीसाठी, एनपीसीआय मॅपिंग". नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका, कारण मग ते स्क्रीनवर बघून लिंक आहे म्हणतात आणि ते खोटंही बोलत नसतात. सीडिंगचा एक संमती फॉर्म असतो, त्यात नाव, खाते नंबर, आधार नंबर आणि सही. त्याच फॉर्मवर एक ओळ असते की आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग असेल तर ते या बँकेकडे आणा, तिथे जुन्या बँकेचं नाव लिहायचं असतं. ही ओळ लोक कोरी सोडतात आणि तिथेच काम अडतं. तुमचं आधी कुठे सीडिंग असेल तर ती भराच, जुन्या बँकेचं नाव माय आधारवर मघाशी बघितलंच आहे.

सोबत न्यायचं ते फार नाही: मूळ आधार आणि एक झेरॉक्स, पासबुक, पॅन असेल तर पॅन, आधारला असलेला मोबाईल सोबत. फॉर्म दिल्यावर पोच मागा, म्हणजे झेरॉक्सवर बँकेचा शिक्का आणि तारीख. लाजू नका, मागायचा तुमचा हक्क आहे. साधारण दोन-चार दिवसांत माय आधारवर बँकेचं नाव बदललेलं दिसतं, आठवड्याने पण दिसलं नाही तर ती पोच घेऊन परत जा.

बँकेत न जाता पण होतं. एनपीसीआयच्या साइटवर कन्झ्युमर विभागात भारत आधार सीडिंग एनेबलर म्हणून पान आहे, तिथे आधार नंबर टाकून बँक निवडायची, मग नवीन सीडिंग, त्याच बँकेतल्या दुसऱ्या खात्यावर, किंवा एका बँकेतून दुसरीकडे, यातलं काय ते निवडायचं, खाते नंबर टाकायचा आणि ओटीपी. पण यादीत सगळ्या बँका नाहीत, तुमची नसेल तर शाखेत जाणंच आलं.

नाव जुळत नाही ही सगळ्यात मोठी अडचण

बायकांच्या बाबतीत हे इतकं होतं की यावर वेगळं लिहायलाच पाहिजे. पासबुक माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, किंवा एकीकडे नवऱ्याचं नाव मधे आणि दुसरीकडे वडिलांचं, बँक म्हणते नाव जुळत नाही, सीडिंग होणार नाही. अशा वेळी आधार बदलत बसू नका, कारण योजनेचा अर्ज आधारवरच्या नावाने झालेला असतो. त्यापेक्षा बँकेतलं नाव आधारप्रमाणे करून घ्या, लग्नाचा दाखला किंवा राजपत्राची प्रत लागते. लग्नाची नोंदणीच झालेली नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधी ती करून घ्या, हा दाखला पुढे दहा ठिकाणी लागतो.

आणि खातं स्वतःच्या एकटीच्या नावावर ठेवा. नवऱ्यासोबतच्या जॉइंट खात्यात आधार अनेकदा पहिल्या नावाचं लागलेलं असतं आणि मग बाईचं सीडिंग होत नाही. शिवाय आपले पैसे आपल्या हातात असावेत, हे मला मनापासून वाटतं.

खातंच नसेल तर राष्ट्रीयीकृत बँकेत जनधन किंवा बेसिक बचत खातं उघडा, यात किमान शिल्लक ठेवायची अट नाही त्यामुळे दंड कापला जात नाही. साध्या बचत खात्यात १५०० आले आणि मिनिमम बॅलन्सच्या नावाने कापले गेले तर जीव तुटतो. दुसरा चांगला मार्ग म्हणजे इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक, आधार आणि मोबाईलवर पोस्टातच खातं निघतं, उघडतानाच डीबीटी सीडिंगला हो म्हणायचं, आणि पैसे काढायला पोस्टमन घरी पण येतो. म्हाताऱ्या माणसांसाठी, संजय गांधी निराधारवाल्यांसाठी, मी तरी हेच सुचवते. पतसंस्थेतलं खातं मात्र चालत नाही, पतसंस्था ही बँक नाही. जिल्हा बँकेचं चालतं का ते शाखेत विचारून घ्या.

सीडिंग अॅक्टिव्ह दिसतंय तरी पैसे नाहीत, असंही होतं. तेव्हा खात्याची तब्येत बघा. दोन वर्षं तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नाही की बँक खातं निष्क्रिय करते. केवायसी जुनी झाली की खातं अडकतं, २०१४-१५ मध्ये निघालेल्या जनधन खात्यांची दहा वर्षं झाली म्हणून २०२५ मध्ये गावोगाव री-केवायसीचे कॅम्प लागले होते, तेव्हा राहिलं असेल तर आता शाखेत जाऊन करा. निष्क्रिय खातं परत चालू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. बँकांचं विलीनीकरण हे अजून एक कारण, विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, देना बँक २०१९ मध्येच बडोदा बँकेत गेली, तुमचं खातं अशा बँकेतलं असेल तर नवीन पासबुक घ्या आणि सीडिंग कुणाच्या नावाने दिसतंय ते एकदा बघाच.

जुनं खातं बंद करायचं असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी नवीन खात्यात सीडिंग, मग माय आधारवर खात्री, आणि त्यानंतरच जुनं बंद. उलटं केलं तर मधला हप्ता बंद खात्यावर जाऊन परत फिरतो.

सीडिंग झालं म्हणजे योजनेची ई-केवायसी झाली असं नाही, ती वेगळी. पीएम किसानच्या स्टेटसमध्ये जमिनीची नोंद, ई-केवायसी आणि आधार-बँक सीडिंग असे तीन मुद्दे वेगवेगळे दिसतात, तिन्ही हो पाहिजेत. लाडकी बहीणची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली होती, त्यात स्वतःसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार लागत होतं. आणि पात्रता, म्हणजे वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, ही योजनेची अट आहे, त्यात बँक काही करू शकत नाही. बँकेतलं सगळं बरोबर असेल तर पीएफएमएस, म्हणजे केंद्र सरकारची पैसे पाठवायची यंत्रणा, तिच्या साइटवर "नो युवर पेमेंट" मध्ये खाते नंबर टाकून केंद्राच्या योजनांचं पेमेंट कुठे अडलंय ते बघा.

कुणी फोन करून "तुमचा हप्ता अडकलाय, सीडिंग करून देतो, ओटीपी सांगा" म्हणालं तर फोन ठेवा. सीडिंगसाठी बँक फोनवर ओटीपी मागत नाही.

शाखा फॉर्म घ्यायलाच तयार नसेल तर मॅनेजरला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी नाही, चौकशीला १४४४८ हा नंबर आहे. आधारच्या अडचणीसाठी १९४७, तिथे मराठीतून बोलता येतं.