घर तेच, देणेघेणे उलटे: परदेशातील छात्राध्यापक आणि ओ पेअर

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या अध्यापक महाविद्यालयात मी शिकवतो, तेथील एका छात्राध्यापिकेने कापूस वेचणीच्या दिवसांत मला मोबाइलवर आलेले एक पत्र दाखवले. जर्मनीत एका कुटुंबासोबत राहायचे, त्यांच्या मुलांना शिकवायचे, जेवण आणि स्वतंत्र खोली कुटुंबाकडून मिळेल, शिवाय दरमहा हातखर्चाला पैसे मिळतील, असा त्याचा आशय होता. पत्र पाठवणाऱ्या मध्यस्थाने त्याला ‘परदेशात अध्यापनाची संधी’ असे नाव दिले होते. तिचे वडील सोबत आले होते. त्यांनी पत्र वाचलेले नव्हते, परंतु मुलीने सांगितलेले ऐकून एकच प्रश्न विचारला, “सर, पोरगी तिथं शिकवाले चालली का लेकरं सांभायाले?”

हा प्रश्न त्या तीन पानी पत्राहून नेमका होता. परदेशात यजमान कुटुंबाकडे राहून शाळेत अध्यापनाचा सराव करणे आणि परदेशात यजमान कुटुंबाकडे राहून त्याच कुटुंबाची मुले सांभाळणे, या दोन व्यवस्था वरवर पाहता जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. दोन्हींत तरुण वय लागते, परक्या घरात खोली मिळते, त्या घरच्यांबरोबर जेवावे लागते आणि भाषा व चालीरीती शिकाव्या लागतात. दुसऱ्या व्यवस्थेला ‘ओ पेअर’ म्हणतात. हा फ्रेंच शब्दप्रयोग असून त्याचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा होतो. नोकर म्हणून नव्हे, घरातील एक माणूस म्हणून, असे त्यातून सुचवायचे असते. प्रत्यक्षात ते कितपत घडते, हे त्या त्या घरावर अवलंबून असते.

आधी छात्राध्यापकाचे पाहू, कारण ते आपल्याला ओळखीचे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार आपला बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात किमान २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव आहे. त्यांपैकी ४ आठवडे पहिल्या वर्षात आणि १६ दुसऱ्या वर्षात येतात. इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षक प्रशिक्षणात किमान दोन शाळांमध्ये मिळून १२० दिवस काढावे लागतात. देश कोणताही असो, रचना सारखीच असते: एक शाळा, त्या शाळेतील एक मार्गदर्शक शिक्षक, पाठ टाचण, पाठ निरीक्षणाची वही आणि शेवटी मूल्यमापन. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ आपल्या छात्राध्यापकांना अनेक वर्षांपासून परदेशी शाळांत पाठवते आणि त्यांच्या राहण्याची सोय यजमान कुटुंबांकडे करते. या व्यवस्थेत कुटुंबाचा शाळेतील कामाशी काही संबंध नसतो. ते खोली देते, दोन वेळचे जेवण देते, बस कोठे थांबते हे सांगते, आणि बहुतेक ठिकाणी या सोयीचे पैसे विद्यार्थी किंवा त्याची संस्था त्या कुटुंबाला देते.

आपल्याकडे पूर्वी गरीब घरचे विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एकाचे घर, मंगळवारी दुसऱ्याचे. जेवू घालणाऱ्या घराचा विद्यार्थ्यावर लळा असे, क्वचित ते त्याच्याकडून एखादे किरकोळ कामही करून घेत, परंतु त्याचा अभ्यास कसा चालला आहे हे पाहणारा गुरुजी वेगळाच असे. परदेशातील छात्राध्यापकाचे यजमान कुटुंब या वाराच्या घराच्या जवळ जाते. फरक इतकाच की येथे पैसे मोजले जातात.

ओ पेअरला वाराचे घर हा दाखला लागू पडत नाही. तिला लागू पडणारा दाखला आपल्या खेड्यांत अजून जिवंत आहे. नागपूर-अमरावतीला नोकरी करणारे नवरा-बायको बाळ झाल्यावर गावाकडच्या नात्यातील एखाद्या पोरीला “शिकवतो” म्हणून घरी नेतात. ती खरोखर शाळेतही जाते, दिवाळीला तिला नवे कपडेही मिळतात, आणि सकाळ-संध्याकाळ बाळ तिच्याच कडेवर असते. तिला मोलकरीण म्हणणे अन्यायाचे होईल, आणि विद्यार्थिनी म्हणणे अर्धेच खरे ठरेल. युरोप परिषदेने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे ओ पेअरविषयी जो करार केला, त्याच्या प्रस्तावनेतही जवळजवळ हेच म्हटले आहे: ही माणसे विद्यार्थी या वर्गात मोडत नाहीत आणि कामगार या वर्गातही मोडत नाहीत, तर दोन्हींची लक्षणे असलेल्या एका खास वर्गात मोडतात. त्या करारात घरकामाला दिवसाला सर्वसाधारणपणे पाच तासांची मर्यादा आणि आठवड्यातून किमान एक पूर्ण दिवस सुट्टी सांगितली आहे. आपल्याकडच्या नात्यातल्या पोरीसाठी असा कागद कोणी कधी केला नाही.

देशोदेशी हे आकडे बदलतात. जर्मनीत ओ पेअरने दिवसाला जास्तीत जास्त ६ आणि आठवड्याला ३० तास काम करायचे असते. तिला दरमहा २८० युरो हातखर्च मिळतो, अर्ज करताना वय २७ च्या आत असावे लागते आणि जर्मन भाषेची ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी यावी लागते. अमेरिकेत ही योजना १९८६ साली सुरू झाली. तेथील नेहमीच्या प्रकारात आठवड्याला ४५ तासांपर्यंत आणि दिवसाला १० तासांपर्यंत मुले सांभाळायची असतात, वयोमर्यादा १८ ते २६ आहे, आणि वर्षभरात ठरावीक श्रेयांकांचा एखादा महाविद्यालयीन अभ्यासक्रम करावा लागतो. दहा तास मुले सांभाळून हा अभ्यासक्रम कोण मनापासून करत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पदवी एकविसाव्या आणि बी.एड. तेविसाव्या वर्षी पूर्ण होते, असे धरले तर आपल्या विद्यार्थिनींच्या हातात या मर्यादांच्या आत तीन-चार वर्षेच उरतात, आणि मध्यस्थ नेमकी ही घाई वापरून घेतात.

आता खरा फरक. छात्राध्यापक काम शाळेला देतो आणि पैसे घराला देतो; ओ पेअर काम घराला देते आणि पैसेही घराकडूनच घेते. भांडण झाल्यावर हा फरक उघड होतो. छात्राध्यापकाचे यजमानीणबाईंशी जेवणावरून किंवा रात्री उशिरा येण्यावरून बिनसले, तर संस्था त्याला दुसरे घर पाहून देते आणि दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे वर्गावर उभा राहतो. शाळेत बिनसले तरी रात्रीचे छप्पर शाबूत असते. ओ पेअरचे बिनसले तर काम, जेवण आणि खोली या तिन्ही गोष्टी एकाच दारातून बाहेर जातात, आणि देशात राहण्याची परवानगीही त्याच व्यवस्थेवर टांगलेली असते. अमेरिकेत अशा वेळी नवे कुटुंब शोधण्याला ‘रीमॅच’ म्हणतात. तोवर कोठे राहायचे, हे करारात लिहिलेले आहे का ते निघण्यापूर्वीच पाहावे.

दुसरा फरक परत आल्यानंतरचा आहे. शाळेतील आंतरवासितेचा दाखला शाळा आणि विद्यापीठ देते. ओ पेअरचा दाखला कुटुंब किंवा संस्था देते आणि त्यात बालसंगोपन लिहिलेले असते, अध्यापन नव्हे. दोन लेकरांना संध्याकाळी अंकलिपी शिकवणे म्हणजे चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणे नव्हे. आपल्या विद्यापीठाच्या लेखी मान्यतेशिवाय परदेशातील काळ आंतरवासितेत धरला जाईल, असे कोणी गृहीत धरू नये; ओ पेअरच्या वर्षाबाबत तर तो प्रश्नच उद्भवत नाही. पवित्र पोर्टलवरील शिक्षक भरतीसाठी जी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी होते, तिच्या २०० गुणांत परदेशी वास्तव्याला एकही गुण नाही. भाषा मात्र येते, आणि ती कोणी हिरावून घेऊ शकत नाही. जर्मन शिकवण्याकडे वळायचे असेल, तर ते वर्ष वाया गेले असे मी म्हणणार नाही.

मध्यस्थांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोकरीसाठी माणसे परदेशी पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि त्याचे नाव ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. शिक्षणासाठी विद्यार्थी पाठवणाऱ्या सल्लागारांना ही अट लागत नाही. त्यामुळे मुले सांभाळण्याच्या कामाला ‘शिक्षण’ किंवा ‘अध्यापन’ म्हणण्यात काहींची सोय असते.

त्या पत्रात शाळेचे नाव नव्हते. मार्गदर्शक शिक्षकाचा उल्लेख नव्हता, पाठांची संख्या नव्हती, मूल्यमापन कोण करणार हे नव्हते. ‘पॉकेट मनी’ हा शब्द मात्र चार वेळा आला होता, आणि छात्राध्यापकाला कुटुंब कधी हातखर्च देत नाही. मी तिला मध्यस्थाकडे एकच ओळ लिहून पाठवायला सांगितली: माझे पाठ कोणत्या शाळेत होतील आणि त्यांचे निरीक्षण कोण करील? दोन दिवसांनी उत्तर आले की मुले दोन आहेत, एक तीन वर्षांचे आणि एक पाच वर्षांचे, दोन्ही अतिशय गोड आहेत.

वडिलांना उत्तर मिळाले होते, त्यामुळे प्रकरण तेथेच संपेल असे मला वाटले होते. मुलीने मात्र आठवडाभर विचार केला आणि सांगितले की लेकरे सांभाळायला तिची हरकत नाही, धाकट्या भावाला तिनेच वाढवले आहे. फक्त त्याला अध्यापन म्हणून फसवू नये. सध्या ती तालुक्याच्या एका शाळेत आपली सोळा आठवड्यांची आंतरवासिता करत आहे. सकाळी पाठ टाचण लिहिते आणि रात्री मोबाइलवर ए-१ पातळीचे जर्मन शिकते. परीक्षेला पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवन या जर्मन भाषेच्या संस्थेत जावे लागेल, तेव्हा गाडीभाड्याची सोय यंदाच्या कापसाच्या चुकाऱ्यातून करू, असे तिच्या वडिलांनी ठरवले आहे.