१९५९च्या दोन कादंबऱ्या आणि पालटत गेलेले वाचकमत

सांगली जिल्ह्यातील वाचकांची आवडनिवड कशी पालटत गेली, हे पाहताना १९५९ हे वर्ष टाळता येत नाही. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' आणि वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' या दोन्ही कादंबऱ्या याच वर्षी प्रसिद्ध झाल्या. त्याआधीच्या काळाविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे की, १९३०नंतर खांडेकर हे ध्येयवादी तरुण वाचकांचे अत्यंत जिव्हाळ्याचे लेखक होते.

कथेचे जुने संकेत मोडणाऱ्या नवकथेने आणि पुढे १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' कादंबरीने मराठी गद्याचा कान बदलला. खांडेकरांच्या ज्या अलंकृत, सुभाषितवजा वाक्यांवर आधीची पिढी लुब्ध होती, तीच आता कृत्रिम वाटू लागली. अशा वेळी १९७४चे ज्ञानपीठ, मराठीला मिळालेले पहिलेच, 'ययाति'ला जाहीर झाले. नव्या जाणिवेच्या वाचकाला हा गतकाळाचा सन्मान वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्या आक्षेपात एक गोष्ट निसटते. तेव्हा ज्ञानपीठ लेखकाच्या एकूण कारकिर्दीसाठी दिले जात नसे, ते विशिष्ट ग्रंथाला मिळे. त्यामुळे मराठीत त्या घडीला कोणता प्रवाह जोरात आहे, हा निकष तिथे लागू नव्हता. शिवाय अनुवादांमुळे तमिळ आणि गुजराती वाचकांनी खांडेकरांना आपलेसे केले होते, आणि मराठी समीक्षेतील रुचिपालट त्या वाचकांवर बंधनकारक नव्हता. निर्णय योग्यच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याचा अनिष्ट परिणाम मात्र वेगळाच झाला: 'उल्का', 'दोन ध्रुव' या त्यांच्या आधीच्या कादंबऱ्या मागे पडल्या आणि पुढच्या पिढ्यांसाठी खांडेकर म्हणजे मुख्यतः 'ययाति' उरले.

अण्णा भाऊंच्या बाबतीत ओघ उलट दिशेने वाहिला. 'फकिरा'ला १९६१ साली राज्य पुरस्कार मिळाला, तरी १९६९ साली मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा प्रस्थापित समीक्षेने त्यांची पुरेशी दखल घेतलेली नव्हती. त्यांना जपले ते शाहिरीतून त्यांना ओळखणाऱ्या कामगारांनी आणि कष्टकऱ्यांनी. दलित साहित्याची चळवळ स्थिरावल्यावर विद्यापीठीय अभ्यासकही त्यांच्याकडे वळले, आणि साम्यवादी कार्यकर्ता असलेल्या, पण 'फकिरा' बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण करणाऱ्या या लेखकावर हक्क कोणत्या विचाराचा, हा वादही सुरू झाला. २००२ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले, २०२० साली जन्मशताब्दी झाली आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसवण्यात आला. या गौरवाला फार उशीर झाला, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. आता १ ऑगस्टच्या जयंतीला वाटेगावचे नाव सर्वत्र घेतले जाते. परंतु त्यांच्या कथा अजूनही 'फकिरा'च्या मानाने फार थोड्या वाचकांपर्यंत पोहोचतात.