पार्किंगचा दंड भरायचा की लढायचा?

वायपरखालची पावती हातात आली की नजर आधी रकमेवर जाते. रक्कम नंतर बघा. पावती फाडली कोणी ते आधी बघा, कारण पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो. पोलिसांची असेल तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांसमोर जाऊ शकतं. नगरपालिकेची किंवा कौन्सिलची असेल तर बऱ्याच देशांत ते कोर्टात जातच नाही, त्यासाठी वेगळं न्यायाधिकरण असतं. आणि खासगी जागेतल्या ठेकेदाराची असेल तर तो मुळात सरकारी दंडच नव्हे. जागा वापरण्याच्या अटी मोडल्या म्हणून मागितलेले पैसे आहेत ते. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या आणि खासगी कंपनीच्या कागदाची आद्याक्षरं एकच, ‘पीसीएन’. पहिल्यात ‘पी’ म्हणजे ‘पेनल्टी’, दुसऱ्यात ‘पार्किंग’. एवढ्या एका शब्दात दोन वेगळे कायदे बसलेत.

खासगी पावती केराच्या टोपलीत टाकली तरी चालते, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अशाच एका प्रकरणात ८५ पौंडांची आकारणी कायम ठेवली. तिथे दोन तास पार्किंग फुकट होतं, गाडी ५६ मिनिटं जास्त थांबली होती, आणि फलक ठळक लावलेले होते.

यानंतर मुदत. इंग्लंडमध्ये कौन्सिलचा दंड १४ दिवसांत भरला तर निम्मा लागतो. त्याच १४ दिवसांत हरकत पाठवली आणि ती फेटाळली गेली, तर कौन्सिल सहसा सवलतीची संधी पुन्हा देते, म्हणजे विचारून बघण्यात फारसं नुकसान नाही. पण गाडीमालकाच्या नावाने रीतसर नोटीस निघाल्यावर सवलत विसरायची. तिला २८ दिवसांत उत्तर द्यायचं, ते फेटाळलं तर पुढच्या २८ दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील. अपिलाला फी नाही. काहीच केलं नाही तर मात्र रक्कम दीडपट होते. न्यूयॉर्क शहरात दंड भरायला किंवा आव्हान द्यायला ३० दिवस मिळतात, आणि निर्णय देतात ते वित्त विभागाचे प्रशासकीय न्यायाधीश. ऑनलाइन फोटो चढवूनही तिथे बाजू मांडता येते.

भारतात नो-पार्किंगचं चलान साधारणपणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ किंवा १७७ खाली येतं. कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. टोइंगचा खर्च वेगळा. चलान व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयात, गेलं असेल तर त्याच्या संकेतस्थळावर चलान किंवा गाडी क्रमांकाने ते सापडतं. समोर दोन पर्याय येतात: दंड भरतो, किंवा खटला लढवतो. दुसरा निवडला की प्रकरण त्या हद्दीच्या नियमित कोर्टाकडे जातं आणि मग प्रत्यक्ष तारखा सुरू होतात. पहिला निवडला की विषय संपला. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे बहुतेक सगळीकडे खरं आहे. ‘आत्ता भरून टाकू, भांडू नंतर’ हा बेत म्हणूनच फसतो.

आता खरा प्रश्न, लढण्यासारखं आहे का? राग आलाय हे कारण होत नाही. ‘दोनच मिनिटं थांबलो’, ‘बाकीच्याही गाड्या होत्या’, ‘कोणाला अडचण होत नव्हती’ या तिन्ही वाक्यांत गाडी तिथे उभी होती हे आपणच लिहून देतो. टिकतात ती कारणं निराळी. फलक नव्हता किंवा दिसत नव्हता, रस्त्यावरचे पट्टे पुसलेले होते, पावतीवर नंबर किंवा जागा चुकीची आहे, पैसे भरलेले होते, गाडी आधीच विकलेली किंवा चोरीला गेलेली होती, गाडी बंद पडली, आजारी माणसाला तातडीने न्यायचं होतं. ॲपमध्ये नंबर टाकताना एक आकडा चुकला असेल तर पैसे भरल्याचा पुरावा आणि आरसी शेजारी शेजारी ठेवून दाखवा; हे प्रकरण मी कधीच सोडणार नाही.

पुराव्याचं म्हणाल तर पहिल्या दहा मिनिटांत काढलेले फोटो नंतरच्या दहा पानांपेक्षा भारी पडतात. माझी एक हरकत इथेच आपटली. फलक फांदीआड होता, पण मी फोटो काढायला गेलो चार दिवसांनी. तोवर फांदी छाटलेली. नवा रंग दिल्यासारखा फलक लखलखत होता. तो फोटो मी अर्थातच जोडला नाही. समोरच्यांनी मात्र जोडला.

फोटो तीन प्रकारचे हवेत: गाडी आणि फलक एकाच चौकटीत, ड्रायव्हरच्या जागेवरून रस्ता कसा दिसतो तो, आणि चाकाजवळचे पट्टे. मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच राहू द्या, तिच्यात वेळ नोंदलेली असते. बाकी कागद म्हणजे पावती किंवा नोटीस, आरसी, पैसे भरल्याची नोंद, आणि प्रसंगानुसार विक्रीचा कागद, चोरीची तक्रार, गॅरेजचं बिल किंवा हॉस्पिटलचा कागद. सोबत कोणी होतं तर त्याचं सहीचं निवेदन.

अर्ज कोणाच्या नावाने, हेही आधी तपासा. नोटीस सहसा नोंदणीकृत मालकाला येते, गाडी कोणीही चालवत असो. मुलाने गाडी नेली होती म्हणून मुलाच्या सहीने पाठवलेलं उत्तर नुसतं पडून राहू शकतं आणि मुदत टळते. भाड्याची गाडी असेल तर नोटीस आधी कंपनीकडे जाते, तिच्याकडून कागद मागवा. आरसीवर जुना मोबाइल नंबर असेल तर चलान झाल्याचंच कळत नाही, तो आजच बदलून घ्या.

मग हिशेब. हरल्यावर जास्तीत जास्त किती जाणार, सवलत किती बुडणार, रजा किती दिवस पडणार? हरकत घरबसल्या पाठवता येत असेल आणि एखादं टिकणारं कारण हातात असेल तर पाठवाच. प्रत्यक्ष कोर्टात उभं राहायचं असेल तर दंड छोटा असताना रजेचाच खर्च जास्त होतो, आणि वकील तर हिशेबातच बसत नाही. याला अपवाद एकच: जागा रोजची असेल आणि तिथे पुन्हा पुन्हा पावती फाटत असेल, तर एकदा दिवस घालवणं परवडतं.

लिहिताना चार ओळी पुरतात. ‘अमुक तारखेला दुपारी ३.१० वाजता गाडी फलकापासून दोन गाड्या सोडून उभी होती. फलक फांदीने झाकलेला होता, फोटो १. रस्त्यावर पट्टे नव्हते, फोटो २. चलान रद्द करावं.’ पावती फाडणाऱ्याच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नको.

निकाल बाजूने लागला तरी नोंद आपोआप पुसली जाईलच असं नाही. निकालाची प्रत घ्या आणि पंधरा दिवसांनी गाडी क्रमांक टाकून थकबाकी दिसतेय का बघा. टोइंगचे पैसे भरले असतील तर ते परत मिळवायला वेगळा अर्ज करावा लागू शकतो. त्याला मूळ पावती लागते, तेव्हा ती रागाच्या भरात फाडली नसेल तर बरं.