बस पकडताना तुटणारं व्हीपीएन

भाची राहते कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. सकाळी घरच्या वाय-फायवर मोठी फाइल चढवायला लावायची, बस आली की लॅपटॉप अर्धवट मिटून पळायचं आणि सीटवर बसल्यावर फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा, हा तिचा शिरस्ता. त्याच क्षणी ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची बंदिस्त वाट, तुटायचं. चांदणी चौक येईपर्यंत पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, आणि फाइल पहिल्यापासून. मग तिने कंपनी बदलली. घर तेच, फोन तोच, वेळही तीच. पण आता व्हीपीएन तुटत नाही. "मामा, यांचं नेट जास्त फास्ट आहे का रे?" तिने विचारलं. नेट तिचंच होतं. बदलला होता प्रोटोकॉल.

नेटवरची माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत जाते. व्हीपीएन तुमचं प्रत्येक पाकीट कुलूपबंद करतं आणि सर्व्हरचा पत्ता लिहिलेल्या दुसऱ्या पाकिटात घालतं. कुलूप कुठलं, किल्ली कशी ठरवायची, पाकीट कुठल्या वाटेने धाडायचं, हे प्रोटोकॉल ठरवतो.

जुन्या ऑफिसात होतं २००१ पासूनचं ओपनव्हीपीएन, तेही टीसीपीवर, म्हणजे पाकीट पोचलं की नाही हे तपासून हरवलेलं पुन्हा धाडणाऱ्या पद्धतीवर. टीसीपीची जोडणी दोन्ही टोकांच्या आयपी पत्त्यांना, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांना, बांधलेली असते. वाय-फाय सोडून हॉटस्पॉटवर गेलात की पत्ता बदलतो आणि जोडणी मरते. शिवाय आत धावणारी वेबसाइटही टीसीपीच वापरते. एक पाकीट हरवलं की आतला आणि बाहेरचा असे दोघेही तोच निरोप पुन्हा धाडू लागतात आणि खराब नेटवर सगळंच तुंबतं. म्हणून शक्य असेल तिथे ओपनव्हीपीएन यूडीपीवरच, म्हणजे पोचपावतीची वाट न पाहणाऱ्या पद्धतीवर, चालवावं.

नव्या ऑफिसात वायरगार्ड आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा प्रोटोकॉल मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत, थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात गेला. तो माणसाला पत्त्यावरून ओळखत नाही, किल्लीवरून ओळखतो. नव्या पत्त्यावरून योग्य किल्लीचं पाकीट आलं की सर्व्हर पुढची उत्तरं निमूटपणे तिकडे पाठवतो. किल्ली चुकीची असेल तर उत्तरच देत नाही; चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे याचाही पत्ता लागत नाही.

वेगाचं गणित सरकारी फायलीसारखं आहे. पारंपरिक ओपनव्हीपीएनमध्ये प्रत्येक पाकीट कर्नलमधून वरच्या प्रोग्रामकडे जातं, तिथे शिक्का बसतो, मग परत खाली येतं. लिनक्सवर वायरगार्ड खालच्या टेबलावरच काम उरकतं. त्याचा मूळ कोड सुमारे ४,००० ओळींचा. एखादा जाणकार तो नेटाने वाचून काढू शकतो. मला हीच त्याची खरी सुरक्षा वाटते. कुलूपही एकच, चाचा२०-पॉली१३०५. निवडीला वाव नाही, त्यामुळे कुणी फसवून कमकुवत कुलूप लावायला लावेल ही भीतीही नाही.

आयकेई-व्ही२ (किल्ली ठरवणारा) आणि आयपीसेक (पाकीट कुलूपबंद करणारा) ही प्रोटोकॉलची जोडीही पत्ता बदलला तरी टिकते; २००६ पासून त्यासाठी मोबाइक नावाची सोय आहे. ती आयफोन आणि विंडोजमध्ये आयतीच मिळते. एईएस नावाच्या कुलपासाठी खास सोय असलेल्या प्रोसेसरवर ती वेगातही मागे हटत नाही. सेटिंग करणाऱ्याचा घाम मात्र काढते. जुन्या राउटरवर पीपीटीपी हा जुनाट व्हीपीएन प्रोटोकॉल दिसला तर बंद करा. त्यातल्या नेहमीच्या लॉगिनची किल्ली एका दिवसात फोडता येते, हे २०१२ मध्येच दाखवून झालं आहे.

पण प्रोटोकॉल कितीही चपळ असला तरी अंतर चुकत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुण्याहून फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजारांहून जास्त किलोमीटर, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यातच ६५ हून जास्त मिलिसेकंद गेले. सर्व्हर मुंबईत असेल तर दोनसुद्धा लागत नाहीत.

परवा लग्नासाठी महाबळेश्वरला गेलो होतो. हॉटेलच्या वाय-फायवर भाचीचं वायरगार्ड काही केल्या जुळेना. ते फक्त यूडीपीवर चालतं आणि तिथे यूडीपी अडवलेलं होतं. माझं म्हातारं ओपनव्हीपीएन मात्र टीसीपीच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालत होतं. सुरक्षित वेबसाइटी याच दाराने जातात, त्यामुळे ते सहसा कुणी बंद करत नाही. भाचीने माझ्या स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि रेंज शोधत गच्चीवर गेली.