२ईए (सिडनी)

२ईए : ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराचे बहुभाषिक नभोवाणी केंद्र. त्याचे प्रसारण ९ जून १९७५ रोजी सुरू झाले आणि दोनच आठवड्यांनी, २३ जून रोजी, मेलबर्नमध्ये ३ईए हे जोडकेंद्र सुरू झाले. नावातील २ हा आकडा न्यू साउथ वेल्स राज्याचा, ३ हा व्हिक्टोरियाचा. ‘ईए’ ही ‘एथनिक ऑस्ट्रेलिया’ या शब्दांची आद्याक्षरे होत.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ग्रीस, माल्टा, युगोस्लाव्हिया आणि पुढे तुर्कस्तान व लेबनॉन येथून मोठ्या संख्येने लोक ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले, तरी त्यांच्या भाषा नभोवाणीवर क्वचितच ऐकू येत. व्यापारी केंद्रांना परभाषेसाठी एकूण प्रसारणवेळेच्या अडीच टक्क्यांपेक्षा अधिक वेळ देता येत नसे आणि बोललेल्या मजकुराचे इंग्रजी भाषांतरही ऐकवावे लागे. म्हणजे मिळालेल्या तुटपुंज्या वेळातलाही बराचसा भाग, ज्याच्यासाठी कार्यक्रम होता त्या श्रोत्याच्या उपयोगी पडत नसे. हे निर्बंध सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात उठले.

केंद्राच्या स्थापनेचे तातडीचे कारण मात्र आरोग्यविम्याचे होते. गॉफ व्हिटलम यांच्या सरकारची ‘मेडिबँक’ ही सार्वत्रिक विमा योजना १ जुलै १९७५ पासून लागू होणार होती. डॉक्टर आपले बिल रुग्णाऐवजी थेट शासनाकडे पाठवू शकतो, ही त्या योजनेतील कल्पना इंग्रजी न समजणाऱ्या कामगाराला त्याच्या स्वतःच्या भाषेत उलगडून सांगणे आवश्यक होते, कारण ती न कळल्यास योजना त्याच्यापुरती कागदावरच राहिली असती. माजी स्थलांतर मंत्री अल ग्रासबी यांनी या केंद्रांसाठी पुढाकार घेतला. सिडनीत सात आणि मेलबर्नमध्ये आठ भाषांतून प्रसारण सुरू झाले. प्रयोगाची मुदत तीन महिन्यांची होती.

मुदत सरली तरी केंद्रे चालूच राहिली, आणि २ईएच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना हीच मानावी लागेल. सरकारी माहिती पोहोचवण्यासाठी उभारलेल्या या साधनाला श्रोत्यांनी आपले मानले होते. १९७५ च्या अखेरीस व्हिटलम सरकार जाऊन माल्कम फ्रेझर सत्तेवर आले, तरीही ती बंद झाली नाहीत. मेलबर्नमधील ३झेडझेड या एबीसीच्या (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या) केंद्राच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. स्थानिक गटांना स्वतःचे कार्यक्रम करू देणारे ते केंद्र १९७७ मध्ये बंद करण्यात आले.

१ जानेवारी १९७८ रोजी स्थापन झालेल्या स्पेशल ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस (एसबीएस) या संस्थेकडे दोन्ही केंद्रे सोपवण्यात आली. या संस्थेची दूरचित्रवाणी त्यानंतर, १९८० मध्ये आली. १९९४ मध्ये नभोवाणीचे राष्ट्रीय जाळे सुरू झाले. आता साठांहून अधिक भाषांत कार्यक्रम होतात. कोणत्या भाषेला किती वेळ द्यायचा, हा अशा केंद्रातला सर्वांत नाजूक प्रश्न असतो आणि त्याचा फेरविचार करताना पाच वर्षांनी होणाऱ्या जनगणनेतील आकड्यांचा आधार घेतला जातो. त्यामुळे वेळापत्रकात नवागत समाजांच्या भाषा येतात आणि जुन्या स्थलांतरितांच्या काही भाषांचा वेळ घटतो.